तापीच्या सासरी

नदीला आई म्हणणारी माणसं पैशाला पासरी मिळतील. पण नदीला लेक मानून दरसाल तिच्या सासरी खुशाली विचारायला जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा थोरला मामा होता. सावद्याला मामांची केळीची बाग होती. तापी तिथून काही कोसांवर. दर सोमवारी मामा गाडी जुंपून नदीवर जायचे, काठावर उकिडवे बसायचे आणि पाण्याकडे बघत विचारायचे, "बरं हाये ना?" पाण्याकडून काय उत्तर यायचं ते त्यांनाच ठाऊक, पण परत येताना ते कधी खुशीत असत, कधी चिंतेत. एकदा वैशाखात नदीवरून आले ते ओसरीवर नुसतेच बसून राहिले. मामींनी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "वाळली वं पोर. ओळखू येत नाही." मामींनी ताट वाढता वाढता सांगितलं, "आषाढात भरेल. तुम्ही जेवून घ्या."

खानदेशातल्या साऱ्या नद्या मामांनी नात्यात बसवल्या होत्या. पूर्णा ही तापीची पाठची बहीण, म्हणून ती येऊन गळ्यात पडते. गिरणा आतेबहीण; बोलावलं तरी पावसाळ्याशिवाय तोंड दाखवत नाही. पांझरा धुळ्याची, म्हणून जरा मिजासखोर. मी जळगावला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत असे. एका वर्षी सावद्याकडच्या एका मुलीनं उत्तरपत्रिकेत लिहिलं, "गिरणा ही तापीची आतेबहीण असून ती दक्षिणेकडून येते." मी अर्धा गुण दिला, कारण दिशा बरोबर होती. नातं कुठून आलं हे विचारायची गरज नव्हती.

या नात्यागोत्यातूनच मामांच्या डोक्यात सुरतेची सहल शिरली. त्यांचं म्हणणं साधं होतं. तापी मुलताईला जन्मली, पण अंगाखांद्यावर खेळवली आपण. पुढे ती सुरतेपाशी समुद्राला दिली. म्हणजे आपण माहेरचे आणि समुद्र जावई. "आणि इतक्या पिढ्यांत," मामा मांडीवर थाप मारून म्हणत, "माहेरचं एक मानूस तिच्या दारात गेलं नाही! काय म्हनत असतील लोकं तिले?" हे ऐकल्यावर सावदा-फैजपूरची भली भली माणसं ओशाळून खाली बघत, जणू आमंत्रण येऊनही आपणच गेलो नाही. मग माघातल्या पौर्णिमेच्या सुमारास पंधरा-वीस माणसं गोळा होत आणि मामा त्यांना घेऊन सुरतेच्या गाडीत बसत. ही गोष्ट स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची. सुरत आणि जळगाव तेव्हा एकाच राज्यात होती, आणि अमळनेर-नंदुरबारवरून जाणारी ती गाडी म्हणजे आमच्या लोकांना घरचीच वाटे.

सहलीची व्यवस्था माझ्याकडे असे, कारण घराण्यात याद्या करणारी मी एकटी. पहिली यादी माणसांची, दुसरी सामानाची, आणि तिसरी कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही त्याची. ही तिसरी यादी सर्वांत लांब असे. मामांचा याद्यांवर विश्वास नव्हता, पण वेळेवर होता. गाडी दुपारची असली की मामा सगळ्यांना सकाळीच स्टेशनात नेऊन बसवत. गाडी लवकर आली तर, असं त्यांचं म्हणणं. "मामा, गाडी आजवर कधी लवकर आली आहे का?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "म्हनूनच. एखादे दिवशी येईल आन् आपन नसू."

सुरतेत मामांच्या अंगात वेगळंच वारं भरे. तिथली कोणतीही जुनी वास्तू दिसली की आधी तिच्यापुढे उभं राहून ते स्वतःची ओळख करून देत: "आम्ही सावद्याचे. तापीच्या माहेरचे." मग पुढचं बघणं. नदीकाठचा किल्ला दाखवताना ते सगळ्यांना जवळ बोलावत आणि आवाज खाली आणून बजावत, "अठी महाराजांचा जयजयकार मनातल्या मनात करायचा. सोयऱ्यांच्या गावी आलो आपन. जुनी उनीदुनी काढायची नाहीत." माणसं खरोखर ओठ मिटून किल्ल्याला वळसा घालत. एकदा एका म्हातारबांना राहवलं नाही आणि त्यांनी मोठ्यानं जयजयकार केला, तर मामांनी शेजारच्या भजीवाल्याची हात जोडून क्षमा मागितली. भजीवाल्याला काहीच कळलं नाही. त्यानं भीतीनं दोन भजी जास्त दिली.

पण मामांचं खरं प्रेम होतं ते फिरंग्यांच्या थडग्यांवर. सुरतेत जुन्या गोऱ्या व्यापाऱ्यांची थडगी आहेत, देवळांएवढी मोठी, घुमटाची, आत माणूस हरवेल अशी. मामा त्यात शिरत, वर बघत, भिंतीवर हात ठेवून गारवा पाहत आणि हिशेब करून सांगत, "ह्याच्यात पाचशे घड आरामात पिकतील." केळी पिकवायला बंद, ऊबदार आणि वारा न लागणारी जागा लागते, आणि मामांना जगातली प्रत्येक वास्तू प्रथम त्याच नजरेनं दिसे. मशीद, चर्च, कचेरी, पोस्ट सगळं ते घडांत मोजत. पुढे थडग्यातल्या माणसाकडे वळून ते जरा कणवेनं म्हणत, "आपल्याकडची कपाशी न्यायले आला होता बिचारा. कपाशी गेली पुढे, हा अठीच राह्यला."

आता पाण्याचं सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट पाण्याचीच आहे. आमच्याकडे रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. मूल झालं की घर तिचं झालं. मग बापानं खुशाल मांडी घालून जेवावं. मामांनी ही रीत तापीलाही लावली. सुरत हे तिचं सासर, तेव्हा तिथल्या पाण्याला हात लावायचा नाही. आमच्या सामानाच्या यादीत पहिल्या ओळीला असे: तांब्याचे हंडे तीन, तोंडाला फडकं बांधून, पाणी भरायच्या जाड कापडी पिशव्या, म्हणजे छागला, सहा. सगळं पाणी सावद्याच्या विहिरीचं. मी एकदा मामांना विचारलं, "पण तापीला मूल झालं की नाही, हे ठरवलंत का? झालं असेल तर हंडे वाहायला नकोत." मामांनी या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मासे होतात. पन ते तिचे का समुद्राचे, हे ठरवता येत नाही. तोपर्यंत रीत पाळलेली बरी. आन् देवानंच पाह्य कशी सोय केली: लेकीच्या सासरचं पानी खारट करून ठेवलं. बापाले मोहच नको."

हे ऐकून सगळे हसले. मामी हसल्या नाहीत. मीही नाही.

कारण मामांना खरीखुरी एक लेक होती. कुसुम माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिला दिली होती डुमसला. सुरतेपासून दहा-बारा मैलांवर, जिथं तापी समुद्राला मिळते त्याच तोंडाशी हे गाव आहे. सुरतेचे लोक तिथं हवा खायला जातात. सुरूच्या झाडांत शेठ लोकांचे बंगले आहेत. एका शेठजींनी समुद्राच्या काठी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली होती, तिची व्यवस्था आमचे जावई बघत आणि बिऱ्हाडही त्यांचं तिथंच होतं. माणूस फैजपूरच्या घरातला, पण दोन पिढ्या सुरतेकडे राहिलेला, शांत, सज्जन. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि कुसुमला मूल नव्हतं. म्हणून मामा आठ वर्षांत तिच्या घरी एकदाही गेले नव्हते. जाऊन पाणी नाकारायचं तर पोरीच्या जिवाला लागणार, आणि घ्यायचं तर रीत मोडणार. त्यापेक्षा न गेलेलं बरं, असा त्यांचा विचार. माझ्या थोरलीच्या बारशाला मात्र हेच मामा जळगावला येऊन चार पुरणपोळ्या खाऊन गेले होते. "भाचीबी लेकच," असं म्हणून त्यांनी पाचवीही मागितली होती.

चार वर्षं सुरतेची सहल निघाली आणि चारही वर्षं ती सुरतेवरूनच परतली. दर वर्षी कुसुम डुमसहून टांग्यानं स्टेशनावर यायची. हातात मोठा डबा, आत सगळ्यांना पुरतील एवढे लाडू. मामा तिच्या डोक्यावरून हात फिरवत, जावईबापूंची चौकशी करत, मग डबा माझ्या हातात देऊन म्हणत, "वाट सगळ्याइले." स्वतः एकही घेत नसत. चौथ्या वर्षी गाडीला वेळ होता. कुसुम मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, शेजारच्या बंगल्यातल्या बायका मला काय विचारतात माहीत आहे? तुझे वडील कधी वारले, म्हणून." तिनं डोळे पुसले नाहीत, कारण रडतच नव्हती. नुसतं सांगत होती. तेच मला जास्त लागलं.

पाचव्या वर्षी बोंब झाली ती शिरपूरच्या आबांमुळे. आबा हे मामांचे जुने मित्र, कापसाच्या व्यवहारातले, बोलणं अहिराणी, तोंडानं फटकळ आणि मनानं साखर; मामांना ते नाना म्हणत. चार वर्षं ते इमानानं सहलीला येत होते. पाचव्या वर्षी सुरतेच्या स्टेशनावर उतरल्या उतरल्या त्यांनी काठी आपटली. "नाना, समुद्र कोठे शे? चार साल व्हई गयात, तुम्ही आमले थडगाच दखाडी राह्यनात!"

"समुद्र पुढे हाये," मामा म्हणाले.

"पुढे म्हंजे कितला पुढे?"

"गाडी तठपर्यंत जात नाही."

"मंग टांगा जास का नही?" आबांनी बाहेरच्या टांगेवाल्यालाच विचारून टाकलं. टांगेवाल्यानं मान हलवली, डुमस म्हणाला, आणि वर विचारलं की किती टांगे लागतील. वीस माणसं मामांकडे बघायला लागली. मामांच्या पाठीमागे मामी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "चला. लेकीच्या गावचा समुद्र पाहू." लेकीच्या, म्हणाल्या, कोणत्या लेकीच्या ते बोलल्या नाहीत. मामांनी हंडे मोजले आणि टांग्यात चढले.

डुमसला पोचलो तेव्हा सकाळचे नऊ-दहा झाले असतील. समुद्र बघून आमची मंडळी खट्टू झाली. समोर मैलभर काळी, ओलसर वाळू आणि तिच्यापलीकडे चकाकणारी एक रेघ. आबा कपाळावर हात धरून बघत राहिले. "ह्या तं बठ्ठा चिखल शे. पानी कोठे शे?" पण मामांचा चेहरा बदलला होता. त्यांनी वहाणा काढल्या, वाळूवर गेले, उकिडवे बसले आणि मूठभर वाळू उचलून सगळ्यांना दाखवली. डुमसची वाळू काळी आहे, आमच्या कपाशीच्या जमिनीसारखी. "ही ओळखली का? ही आपली माती. ही सावद्याची, ही फैजपूरची. बांधावरून वाहून जाते म्हनून आपन रडतो, आन् ही अठी येऊन बसली." मग त्या रेघेकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "बरं हाये ना?" त्या क्षणी मामांना हसावं असं कुणालाही वाटलं नाही.

धर्मशाळा तिथून तीनशे पावलांवर होती. कौलारू, रुंद ओटा, दारात विहीर. जावई लगबगीनं खाली आले. त्यांनी मामांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "बाबा, पधारो. सहा खोल्या झाडून ठेवल्यात."

"तुम्ही बोलले, पोचलं," मामा म्हणाले. "आम्ही अठीच बरे."

"इथं? वाळूवर? बाबा, पाणी येईल. आज पौर्णिमा, मोठी भरती आहे. दोन वाजेपर्यंत ही सगळी जागा बुडेल."

मामा हसले. नदीकाठी आयुष्य गेलेल्या माणसाचं समजूतदार हसू होतं ते. "जावईबापू, माघात पानी चढत नसतं. उतरतं." आणि मंडळींकडे वळून त्यांनी सांगितलं, की तापीचं पाणी एकदा दिवाळीनंतर पात्रात गेलं की आषाढापर्यंत बाहेर येत नाही, लोक त्याच वाळूत टरबुजाच्या वाड्या लावतात, झोपड्या बांधून राहतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर मीही डोलावली. भरती-ओहोटीची व्याख्या मी दर वर्षी फळ्यावर लिहीत होते. पण व्याख्येतलं पाणी कधी कोणाच्या हंड्यापर्यंत येत नाही, आणि माझ्या कुठल्याच यादीत समुद्र नव्हता. जावयांनी आणखी दोनदा सांगून पाहिलं. सासऱ्याला तिसऱ्यांदा कसं सांगावं, हे त्यांना कळेना. ते परत गेले.

कुसुम आली, सगळ्यांच्या पाया पडली. पाणी घ्या म्हणाली नाही. आठ वर्षांत ती तेवढं शिकली होती. "आले का बाबा?" एवढंच विचारलं. "आलो," मामा म्हणाले. ती थोडा वेळ उभी राहिली आणि घरात गेली. बंगल्यातल्या दोन बायका कठड्यावर येऊन आमच्याकडे बघत होत्या. एवढी वीस माणसं, एवढं सामान, आणि धर्मशाळा रिकामी असताना उन्हात वाळूवर का बसली आहेत, हा विचार त्यांच्या तोंडावर लांबूनही वाचता येत होता.

आम्ही सतरंज्या अंथरल्या. दशम्या सोडल्या, मिरचीचा ठेचा काढला, शेंगदाण्याची चटणी काढली. पहिल्याच घासाला छागला रिकाम्या झाल्या. प्रवासात निम्म्या झाल्याच होत्या. हंडे मात्र भरलेले, रेघेच्या बाजूला, गार वाऱ्यात ठेवलेले. जेवणं झाली, माणसं आडवी झाली. मामा आबांना सांगत होते की एवढ्या मोठ्या उघड्या जागेत एकही घड पिकणार नाही, समुद्र म्हणून ठीक आहे. आणि तेवढ्यात आबा ताडकन उठले. "नाना! पानी उनं!"

ते गुपचूप आलं होतं. लाट नाही, आवाज नाही. वाळूतल्या बारीक चऱ्यांतून पसरत आलं, आमच्या मागूनही आलं, आणि बघता बघता सतरंज्यांच्या कडा उचलू लागलं. एकच पळापळ झाली. कोणी वळकट्या धरल्या, कोणी वहाणा, आबांनी आपली काठी आणि दुसऱ्या कोणाचं तरी धोतर. हंड्यांकडे जाईपर्यंत दोन आडवे झाले होते आणि तिसरा, निम्मा सांडून हलका झालेला, फडक्यासकट डौलानं डुलत निघाला होता. भेट म्हणून आणलेले केळीचे चार घड तरंगत त्याच्या मागे गेले. आबा गुडघाभर पाण्यात उभे राहून ओरडले, "ह्या पानीले काही रीत शे का नही?" मामा काठावर पोचून मागे वळले आणि घडांकडे बघत म्हणाले, "राहू द्या. आहेर घेतला तिनं." पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

आम्ही धर्मशाळेच्या पायथ्याशी, सुरूच्या झाडांखाली येऊन टेकलो. भर दुपार, पोटात ठेचा, आणि वीस माणसांत पाण्याचा थेंब नाही. समोर जिकडे बघावं तिकडे पाणीच पाणी. मागे विहीर, तिच्यावर रहाट. सगळे रहाटाकडे बघत होते आणि मग मामांकडे बघत होते. मामा एका दगडावर घराकडे पाठ करून बसले होते.

कुसुम कळशी घेऊन खाली आली. एका हातात फुलपात्र. ती आधी आबांपाशी गेली. आबांनी मामांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "नाना, मनी पोर आठे दियेल नही शे. मी पेस." त्यांची लेक काही तिथं दिलेली नव्हती; ते तीन फुलपात्रं प्याले. मग सगळेच प्याले, मीही प्याले. मामींची पाळी आली. मामींनी पदर खोचला, "नऊ महिने म्या पोटात वागवली तिले. मले कोन अडवते पाहू," म्हणाल्या आणि फुलपात्र तोंडाला लावलं.

राहिले मामा. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. कुसुम त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. मामांनी वर पाहिलं, कळशीकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोक्यात एक तोड निघाली, ती आम्हाला चेहऱ्यावर दिसली. "अगं, ही जागा तर कोनाचीच नाही," ते म्हणाले. "ना तुझी, ना जावईबापूंची. आनखी घटकाभरानं ही समुद्रात असेल. अठी ओतलं तर रीत मोडत नाही. ओत."

कुसुमनं फुलपात्र कळशीच्या तोंडावर उपडं ठेवलं.

"बाबा, वाळूवर वाटसरूले पानी देतात," ती म्हणाली. इतकी वर्षं ती आमच्याशी शहरी बोलत असे. आत्ता सावद्याचं बोलली. "बापाले घरी देतात. प्यायचं तर घरी चला."

"मूल झाल्यावर येईन म्हटलं ना मी. नाही कवा म्हटलं?"

"मले होनार नाही." तिनं हे मोठ्यानं म्हटलं नाही, पण सगळ्यांना ऐकू आलं. "सुरतेच्या डॉक्टरीणबाईनं गेल्या वर्षीच सांगितलं. आता तुम्ही सांगा. तुम्ही कधीच येनार नाही, असंच ना?"

ती कळशी कमरेवर घेऊन चढावाला लागली. मागे वळून पाहिलं नाही. बंगल्यातल्या बायका अजून कठड्यावर होत्या. मी मामींचा हात धरला. मामींनी तो सोडवून घेतला आणि मामांकडे बघत राहिल्या. मामा काही वेळ दगडावरच बसून होते. रीत मोडणं ही त्यांच्यासारख्या माणसाला लहान गोष्ट नव्हती. बांध फुटला तर शेजाऱ्याच्या शेतातही पाणी जातं, असं ते नेहमी म्हणत. सावद्यात, फैजपुरात, लग्नाकार्यात लोक काय बोलतील हे त्या दगडावर बसून त्यांना सगळं ऐकू येत असणार. मग त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि उठले. वहाणा समुद्रात गेल्या होत्या. तसेच अनवाणी, तापलेल्या वाटेनं, पाय उचलून उचलून टाकत ते वर गेले. आम्ही मागून गेलो, पण ओट्याच्या खालीच थांबलो.

कुसुम दारात उभी होती. मामा ओट्यावर बसले. तिनं आतून पितळेचा तांब्या भरून आणला आणि त्यांच्या हातात दिला. मामांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि घोट घेतला. मग डोळे उघडले. दुसरा घोट घेतला. तांब्या खाली धरून त्यात बघितलं.

"मचूळ हाये," मामा म्हणाले.

"इथलं मचूळच असतं, बाबा. समुद्र जवळ ना."

"रोज हेच पेतेस?"

"रोज."

"आठ वर्षं?"

"आठ वर्षं."

सावद्याच्या विहिरीचं पाणी उसाच्या रसासारखं आहे, असं त्या भागात कुणीही सांगेल. मामांनी तांब्या तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. पुन्हा पुढे केला. कुसुमनं भरला. दुसराही त्यांनी संपवला. मिशा पुसायला हात वर नेला, तो बराच वेळ तोंडावरच राहिला. "आधी सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"आधी आला असता तर कळलं असतं," कुसुम म्हणाली आणि आत जाऊन तिनं चूल पेटवली.

त्या दिवशी आम्ही वीसही माणसं धर्मशाळेत जेवलो, आणि मामा शेवटच्या पंगतीला, जावयाशेजारी बसले. पुढं सहल थांबली. मामा आणि मामी दोघंच दर माघात जात आणि पंधरा दिवस राहत. तिथं येणाऱ्याजाणाऱ्याला मामा फुकट समुद्र समजावून सांगत, असं जावयांच्या पत्रात असे. भरती कधी येते हे मात्र आता ते विचारून सांगत. सावद्यात बोलायचं ते लोक बोललेच. मामांना एका-दोन कार्यांत मानाचं पान मिळालं नाही. मामा गप्प राहिले, आणि मामा गप्प राहतात ही आम्हा सर्वांना समुद्रापेक्षा नवी गोष्ट होती. आता राज्यं निराळी झाली. मामा त्याच्या आधीच गेले. डुमसचं पत्र येतं तेव्हा त्यावर दुसऱ्या राज्याचं नाव असतं, एवढाच काय तो फरक.

मला आठवते ती मामांच्या शेवटच्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ. मी सावद्याला गेले होते. मामा ओसरीवर बसले होते, आणि फैजपूरकडचे एक गृहस्थ भेटायला आले. केळीच्या खोडांचं बोलणं झालं, उन्हाचं झालं. त्यांची लेक नंदुरबारला दिली होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं, हे साऱ्या पंचक्रोशीला माहीत होतं. उठायची वेळ झाली तरी ते उठेनात. शेवटी खाली बघत म्हणाले, "नाना, एक विचारू? तुम्ही पोरीच्या घरचं पानी पेले. मंग काय झालं?"

मामांनी बराच वेळ विचार केला. मला वाटलं, आता नदी येणार, समुद्र येणार, पाच-पंचवीस नाती येणार.

"तहान भागली," मामा म्हणाले.

गृहस्थ उठले. मग वहाणा घालता घालता, सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "नंदुरबारची गाडी सकाळी किती वाजता असते हो?"